देवाचं दार आणि आपली सावधगिरी

(दिंडीच्या शतकमहोत्सवानिमित्त गावच्या विठ्ठल मंदिरात झालेलं व्याख्यान. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

राम कृष्ण हरी.



मी कीर्तनकार नाही. पोलीस खात्यात ३१ वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर या दिंडीत टाळ धरला. म्हणून मंडळानं मला विषयही खात्यातलाच दिला. देवळावर, सप्ताहाच्या मांडवावर कुणी हत्यार घेऊन चाल करून आलं, तर आपण काय करायचं? विषय ऐकून दोघातिघांनी मला काल विचारलंच, ‘‘अहो, शंभराव्या वर्षी हे अभद्र कशाला बोलता?’’ त्यांचं म्हणणं मला कळतं. पण आपण घरी गॅसची नळी तपासतो तेव्हा घर जळावं असं थोडंच मनात असतं! आणि पूर्वीचे लोक काय करत होते ते आठवा. परचक्र आलं की पांडुरंगाची मूर्ती हलवून सुरक्षित ठिकाणी नेऊन ठेवल्याच्या हकिकती पंढरपुरात आजही सांगतात. ज्यांनी मूर्ती हलवली त्यांची काय देवावर श्रद्धा कमी होती? देव राखणार म्हणून हात बांधून बसावं, असं आपल्या संतांनी कुठं शिकवलेलं नाही.

पहिली गोष्ट, हे संकट कुणा एका धर्माच्या वाट्याला आलेलं नाही. वाराणसीच्या संकटमोचन हनुमान मंदिरात ७ मार्च २००६ रोजी बाँब फुटला. मंगळवार होता, मारुतीचा वार, देऊळ भरलेलं. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला आपल्या मालेगावात शुक्रवारच्या नमाजानंतर कब्रस्तान आणि मशिदीच्या आवारात स्फोट झाले, तो शब-ए-बरातचा दिवस. न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्च शहरात १५ मार्च २०१९ ला दोन मशिदींवर एका माणसानं बंदूक चालवली, ५१ माणसं गेली. अमेरिकेत ओक क्रीक गावच्या गुरुद्वारात ५ ऑगस्ट २०१२ ला असंच झालं. चर्चवर झालं, ज्यू लोकांच्या प्रार्थनास्थळावर झालं. मारणारा दरवेळी वेगळा, त्याचं कारण वेगळं, पण तो वेळ नेमकी निवडतो. प्रार्थनेची, सणाची, गर्दीची. माणसं डोळे मिटून, पाठ करून, चपला काढून बसलेली असतात तेव्हाची.

आता यातलं आपल्याला शिकण्यासारखं काय ते सांगतो. गांधीनगरच्या अक्षरधामपासून सुरुवात करू, कारण ते आपल्या शेजारचं आहे आणि तुमच्यापैकी बरेच जण ते बघून आलेले आहेत.

२४ सप्टेंबर २००२. दुपार कलली होती, पावणेपाचचा सुमार. दोन हल्लेखोर आवारात घुसले आणि गोळीबार करत मंदिराकडं निघाले. तिथल्या स्वयंसेवकांनी पहिली गोष्ट केली ती ही, की मुख्य मंदिराचे मोठे दरवाजे आतून बंद केले. आत दर्शनाला आलेली माणसं होती. दरवाजे बंद झाले आणि आतली माणसं वाचली. मग हल्लेखोर प्रदर्शनाच्या दालनाकडं वळले आणि तिथं फार मोठी हानी झाली. एकूण ३० हून जास्त माणसं मेली. रात्री दिल्लीहून कमांडो आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रकरण संपलं. दरवाजा बंद करायला किती वेळ लागला असेल? मिनिटभर. पण त्या मिनिटात कुणी ‘‘काय झालं, काय झालं’’ करत बाहेर बघायला गेलं असतं तर?

अशीच दुसरी हकिकत जर्मनीतल्या हाले शहरातली. ९ ऑक्टोबर २०१९, ज्यू लोकांचा उपवासाचा सर्वांत मोठा दिवस. ज्यू म्हणजे आपल्याला अगदी परके नाहीत बरं का. कोकणात ज्यांना आपण शनवारतेली म्हणतो ते मराठी बोलणारे बेने इस्रायल लोक तेच. पुण्यात पालखीच्या मुक्कामाला असताना कॅम्पात गेलात तर लाल देऊळ दिसेल, ते त्यांचंच. तर हाले शहरातल्या त्यांच्या प्रार्थनास्थळात त्या दिवशी पन्नासच्या वर माणसं होती. एक माणूस बंदुका आणि घरी बनवलेले बाँब घेऊन आला. दार लाकडी होतं, पण मजबूत, आणि आतून बंद. बाहेरच्या कॅमेऱ्यात तो आतल्यांना दिसला. त्यानं दारावर गोळ्या झाडल्या, दार काही उघडलं नाही. आतल्या एकालाही इजा झाली नाही. पण चिडून त्यानं रस्त्यावरच्या एका बाईला आणि जवळच्या उपाहारगृहातल्या एका तरुणाला मारलं, हेही सांगायला पाहिजे. तिथल्या समाजानं त्या लाकडी दाराचे आणि त्याला धरून ठेवणाऱ्या कुलपाचे किती आभार मानले असतील!

आता आपल्या गावच्या देवळांकडं या. मी गेल्या चार-पाच वर्षांत दिंडीच्या वाटेवरच्या कितीतरी देवळांत मुक्काम केला. मला आता खोडच लागली आहे, पथारी टाकायच्या आधी मागचं दार बघतो. दहापैकी सात ठिकाणी मागचं दार असतं आणि त्याला कुलूप असतं. किल्ली कुणाकडं? पुजाऱ्याकडं. पुजारी कुठं? मळ्यात! एका ठिकाणी तर मागच्या दाराला टेकून तांदळाची पोती, पंगतीची भांडी आणि गणपतीतले खांब असं सगळं रचलेलं होतं. ते दार उघडायचं तर आधी गोदाम रिकामं करायला लागलं असतं. म्हणजे ज्या दारानं माणसं आत आली त्याच दारानं बाहेर, आणि संकटही नेमकं त्याच दारातून आलं तर? सप्ताहाच्या मांडवाचंही तेच. चारी बाजूंनी कापड शिवून घेतलेलं असतं, दोऱ्या ताणलेल्या असतात, एकच कमान, तिच्यात रोषणाई. शोभा येते, खरं आहे. पण दोन हजार माणूस बसतं तिथं किमान तीन बाजू सताड मोकळ्या पाहिजेत, तिथं ट्रॅक्टर, मोटारसायकली लावायच्या नाहीत, जनरेटरची वायर पायात येईल अशी ओढायची नाही. याला पैसे लागत नाहीत.

दाराची गोष्ट मी एवढी का ताणतो? कारण हत्यारानं मरतात त्याहून जास्त माणसं घाबरून पळापळीत मरतात, हे आपण महाराष्ट्रानं बघितलेलं आहे. मांढरदेवी. २५ जानेवारी २००५. काळूबाईची जत्रा, वाईजवळचा तो डोंगर, अरुंद पायऱ्या, नारळाच्या पाण्यानं आणि तेलानं निसरड्या झालेल्या. वर चेंगराचेंगरी, त्यात दुकानांना आग, गॅसच्या टाक्या फुटल्या. जवळजवळ ३०० माणसं गेली. कुणी गोळी झाडली नव्हती. हिमाचलात नैनादेवीला ३ ऑगस्ट २००८ ला तर नुसती आवई उठली की दरड कोसळते आहे. सव्वाशेच्या वर माणसं तुडवून मेली. तेव्हा उद्या मांडवात फटाका वाजला, सिलिंडरचा आवाज झाला आणि कुणी तरी ‘‘आले रे आले’’ म्हणून ओरडलं, तर हल्लेखोर नसतानाच आपण आपलं मरण ओढवून घेऊ. म्हणून तयारीतलं निम्मं काम गर्दी सावरायचं आहे. आणि इथं मी छाती ठोकून सांगतो, हे काम वारकऱ्याइतकं कुणाला जमणार नाही.

समाजआरती आठवा. माऊलींच्या पालखीच्या तळावर संध्याकाळी दिंड्या गोल उभ्या राहतात. लाखाची गर्दी, हजारो टाळ, पखवाज, एकच गजर. चोपदारांनी दंड वर केला की क्षणात शांतता. टाचणी पडली तर ऐकू येईल. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात, मग चोपदार तिकडं जातात, तक्रार ऐकतात, निवाडा होतो. अहो, आम्ही खात्यात लाठ्या, शिट्ट्या, भोंगे घेऊन पाचशे माणसं गप्प करू शकत नव्हतो! आणि इथं एका काठीवर लाख माणूस थांबतं. ही शिस्त आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपण तिचा उपयोग आरतीपुरता करतो. माझं म्हणणं एवढंच, की चोपदारांचा दंड उठला की थांबायचं आणि ते दाखवतील त्या बाजूला चालायचं, हे संकटातही चालावं. पण त्यासाठी चोपदारांना स्वतःला ठाऊक पाहिजे की कुठली बाजू. मुक्कामाला पोचल्यावर त्यांनी आणि आणखी दोन तरुणांनी देवळाभोवती एक चक्कर मारावी. प्रदक्षिणा समजा हवं तर. दारं किती, उघडतात का, आत उघडतात की बाहेर, बाहेर पडलं की मोकळी जागा कुठं, म्हाताऱ्यांना न्यायला जवळची भक्कम खोली कोणती.

दुसरी गोष्ट माईकची. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत सीएसटी स्टेशनात दोघांनी बेछूट गोळीबार केला, ५८ माणसं तिथं गेली. त्या वेळी स्टेशनात घोषणा करणारे विष्णू झेंडे आपल्या खोलीतून खालचं सगळं बघत होते. ते पळाले नाहीत. बाहेर कोणीकडून पडायचं ते माईकवरून पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्यांच्या खोलीच्या दिशेनंही गोळ्या आल्या. त्या आवाजानं किती माणसं वाचली याची मोजदाद नाही. आता विचार करा, सप्ताहात माईक कुणाच्या हातात असतो? कीर्तनकार बुवांच्या, नाही तर ध्वनिक्षेपकवाल्या पोराच्या. बुवांना मी हात जोडून विनंती करतो. तसा प्रसंग आला तर तुमचा आवाज घाबरू देऊ नका. ‘‘बाँब’’, ‘‘गोळीबार’’, ‘‘पळा’’ असले शब्द उच्चारू नका. जे रोज म्हणता त्याच सुरात सांगा, ‘‘माऊली, उजव्या बाजूनं सगळे शाळेच्या मैदानाकडं चला, मुलं उचलून घ्या, पिशव्या राहू द्या.’’ तेच वाक्य पुन्हा, तेच पुन्हा. लोकांना तुमच्या आवाजाची सवय आहे, ते ऐकतील.

मात्र माणूस समोर शस्त्र घेऊन उभाच ठाकला तर थांबून ऐकत बसायचं नाही. जगभरचे पोलीस याबाबत एकच क्रम सांगतात. पळता येत असेल तर पळा, सामान सोडून. पळता येत नसेल तर लपा, दार लावा, दाराला जड काही तरी लावा, दिवा घालवा, मोबाइलचा आवाज बंद करा. दोन्ही शक्य नसेल आणि तो अंगावरच आला तर मग हाताला येईल त्यानं, सगळ्यांनी मिळून प्रतिकार करा. पळताना सरळ रेषेत उघड्या अंगणातून पळू नका, भिंतीच्या, दगडी ओट्याच्या आडोशानं जा. आपल्या जुन्या देवळांच्या भिंती तीन-तीन फुटी दगडाच्या आहेत, त्याहून चांगला आडोसा कुठला? पत्र्याच्या शेडचा आडोसा मात्र खरा नाही, तो नुसता लपवतो. ज्यांना पळवत नाही त्यांनी जमिनीला चिकटून पडून राहावं.

ओक क्रीकच्या गुरुद्वारात लंगरचा स्वयंपाक चालला होता. बाहेर अंगणात दोन लहान मुलं होती, त्यांनी तो माणूस बघितला आणि आत धावत जाऊन ओरडून सांगितलं. त्यामुळं स्वयंपाकघरातल्या बायाबापड्यांना कोठीच्या खोलीत शिरून दार लावायला वेळ मिळाला. सहा माणसं त्या दिवशी गेली, सातवे एक जण त्याच जखमांनी आठ वर्षांनी, २०२० मध्ये गेले. पण कोठीतले वाचले. यातून मला दोन गोष्टी दिसतात. पोरांनी येऊन काही सांगितलं तर ‘‘गप बस, भजन चाललंय’’ म्हणून हाकलू नका, आधी ऐका. आणि आपल्या आचाऱ्यांना, भाकरी थापणाऱ्या माऊल्यांना या तयारीतून वगळू नका. त्या मागच्या बाजूला चुलीपाशी असतात, माईक तिथं ऐकू येत नाही, शेगडीचा भपका कानात असतो. त्यांच्याकडं धावत जाऊन सांगणारा एक पोरगा नेमून ठेवायचा, आणि त्यानंच पहिलं काम गॅस बंद करायचं.

आता पाहुण्यांचा प्रश्न. हा सगळ्यांत अवघड आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये कॉलीव्हिल म्हणून गाव आहे. १५ जानेवारी २०२२, थंडीचा दिवस. ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या दाराशी एक अनोळखी माणूस आला. तिथल्या धर्मगुरूंनी, चार्ली सायट्रॉन-वॉकर त्यांचं नाव, त्याला आत घेतलं, चहा करून दिला, चार शब्द बोलले. मग प्रार्थना सुरू झाली. धर्मगुरूंची पाठ होती तेव्हा मागून खटका ऐकू आला. चहा प्यालेल्या पाहुण्यानं पिस्तूल काढलं होतं. चौघांना त्यानं धरून ठेवलं. त्यातल्या एकाला काही तासांनी सोडलं. बाकीचे तिघे जवळजवळ ११ तास त्याच्या ताब्यात होते. शेवटी धर्मगुरूंनी संधी साधून त्याच्या अंगावर खुर्ची फेकली आणि तिघेही जवळच्या दारातून निसटले. आपण वाचलो ते आधी घेतलेल्या प्रशिक्षणामुळं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

ही गोष्ट मी सांगितली की लोक लगेच म्हणतात, ‘‘बघा, म्हणून परक्याला आत घ्यायचंच नाही.’’ मला हे पटत नाही. आपल्या पंगतीत कोण बसलं हे आपण विचारत नाही, वाटेवर ज्यांच्या ओसरीवर आपण झोपतो त्यांनीही आपल्याला कधी विचारलेलं नाही. पंढरीला महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे. त्यांना आत का जाऊ दिलं नाही, हा इतिहास ज्यांनी वाचला त्यांनी तरी ‘‘कोण आत आणि कोण बाहेर’’ हे चेहऱ्यावरून, कपड्यावरून, दाढीटोपीवरून ठरवू नये. आणि नुसतं चांगुलपणाचं म्हणून नाही, धंद्याचं ज्ञान म्हणूनही सांगतो. कपड्यावर लक्ष ठेवणारा पहारेकरी निरुपयोगी. कारण ज्याला घात करायचा आहे तो तुमच्यासारखेच कपडे घालून, कपाळाला बुक्का लावून येईल. बघायचं ते वागणं. उन्हाळ्यात अंगावर जाड जाकीट, दर्शनाकडं लक्ष नाही आणि दारं, कॅमेरे, गर्दी यांच्याकडं सारखी नजर, बॅग ठेवून काढता पाय घेतो, काही विचारलं की उत्तरं जुळत नाहीत. असं कुणाचंही दिसलं, मग तो आपल्या गावचा का असेना, सांगायचं.

यावर मला सुचलेला उपाय आपल्याच रीतीतला आहे. दारात एक शहाणा, बोलका माणूस बसवा. हातात काठी नको, तांब्या द्या. ‘‘या माऊली, कुठल्या गावचे? कुणाच्या दिंडीतले? पाणी घ्या, चपला इकडं ठेवा.’’ खरा पाहुणा या चार वाक्यांनी सुखावतो. ज्याच्या मनात काही वेगळं आहे त्याला ही चार वाक्यं जड जातात, कारण त्याला कुणी आपला चेहरा नीट बघावा असं वाटत नसतं. दारात बसणाऱ्या त्या माणसाजवळ फोन पाहिजे, आणि आतल्या चोपदारांना त्यानं खुणावलं तर त्यांना ते दिसलं पाहिजे. इतकंच.

बेवारस पिशवी दिसली तर हात लावायचा नाही. उचलून बाहेर नेतो म्हणणारा धाडसी पोरगा प्रत्येक गावात असतो, त्याला आवरा. तिच्याजवळ उभं राहून मोबाइल लावू नका, माणसं लांब करा आणि लांब जाऊन ११२ ला कळवा. यात अडचण अशी की दिंडीत निम्म्या पिशव्या बेवारसच दिसतात! म्हणून प्रत्येकानं पिशवीवर नाव, गाव, दिंडीचा क्रमांक लिहावा. मागच्या वारीत आपण लाल रंगानं क्रमांक टाकले होते, तो पायंडा चालू ठेवा.

हत्यार आपण ठेवावं का, हे तरुण पोरं हमखास विचारतात. अमेरिकेत काही चर्चमध्ये भाविकच पिस्तूल बाळगून बसतात. टेक्सासमध्येच २९ डिसेंबर २०१९ ला एका चर्चमध्ये असं झालं, की हल्लेखोरानं बंदूक चालवली आणि काही सेकंदांत तिथल्या स्वयंसेवकानं त्याला टिपलं. तेवढ्यातही दोन माणसं गेलीच. तो स्वयंसेवक वर्षानुवर्षं नेमबाजी शिकवणारा होता. आपल्याकडचा कायदा वेगळा, आणि मी स्वतः परवानाधारक शस्त्र तीस वर्षं वापरलेला माणूस म्हणून सांगतो, गर्दीत घाबरलेल्या अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हातातलं पिस्तूल आपल्याच माणसाला लागतं. पोलीस आल्यावर त्यांना कोण हल्लेखोर आणि कोण राखणदार हेही कळत नाही. हत्यार पोलिसांकडं राहू द्या. तुकाराम ओंबळे आपल्या सातारा जिल्ह्यातले. त्यांनी हातात नुसती लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली, ते आपलं कर्तव्य म्हणून. त्यांचं नाव घेऊन आपल्या पोरांनी तलवारी मिरवाव्यात हे मला बरोबर वाटत नाही.

पोलीस येतात तेव्हाचं थोडं सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. ते पहिल्यांदा जखमींकडं बघणार नाहीत, हल्लेखोराकडं जातील. रागावू नका. त्यांच्याकडं धावत जाऊन मिठी मारू नका, दोन्ही हात रिकामे वर दिसू द्या, सांगतील तसं करा. आणि मोबाइलवर चित्रीकरण करून लगेच पाठवू नका. २६/११ ला टीव्हीवर कमांडो कुठं उतरले हे थेट दाखवलं गेलं, सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या निकालात त्यावर कडक ताशेरे ओढले. तेव्हा वाहिन्या होत्या, आता प्रत्येकाच्या खिशात वाहिनी आहे.

जखमींचं मात्र आपल्यालाच बघावं लागतं. रुग्णवाहिका, १०८, खेड्यात यायला वेळ लागतो आणि रक्त तेवढा वेळ थांबत नाही. आपल्या प्रत्येकाच्या खांद्यावर उपरणं आहे, डोक्याला पटका आहे. जखमेवर ते घडी करून दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबून धरा, मधे मधे उचलून बघू नका. भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबून थांबत नसेल तर जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, रुंद पट्टीनं आवळून बांधा, त्यात काठी घालून पीळ द्या, रक्त थांबेपर्यंत. बारीक दोरी नको, ती मांसात रुतते. बांधल्याची वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टर सोडतील तेव्हाच सोडू द्या. तहान तहान म्हणाला तरी पाणी पाजू नका, नुसते ओठ ओले करा. हे तालुक्याच्या रुग्णालयात विनंती केली तर येऊन शिकवतात. एक हरिपाठाची वेळ त्याला दिली तर पांडुरंग रागावणार नाही.

वाटेवरच्या वाहनांचंही बघायला हवं. १० जुलै २०१७ च्या रात्री अमरनाथहून परतणाऱ्या गुजरातच्या बसवर अनंतनागजवळ गोळीबार झाला. आत गुजरातची आणि आपल्या महाराष्ट्रातलीही माणसं होती. बसचालक सलीम शेख यांनी गोळ्या चालू असताना गाडी थांबवली नाही, तशीच पुढं दामटली, म्हणून बाकीचे वाचले. आठ यात्रेकरू त्यात गेले. ती बस सुरक्षा ताफ्यात नव्हती आणि ठरल्या वेळेनंतर रस्त्यावर होती. आपला सामानाचा ट्रक आणि म्हाताऱ्यांची गाडी दिंडी सोडून ‘‘आम्ही पुढं होतो’’ म्हणून रात्री-अपरात्री निघतात, ते बंद करा. आपल्या वाटेवर अपघाताची भीती गोळीहून कितीतरी मोठी आहे, पण उपाय एकच आहे.

आता शेवटचं, आणि हे कदाचित सगळ्यांत मोठं. हल्ल्यानंतर काय? घात करणाऱ्याला माणसं मारायची असतातच, पण त्याहून मोठा डाव असतो तो दुसऱ्या दिवशी गावागावांत आग लागावी हा. अक्षरधामवर हल्ला झाला ते वर्ष २००२ होतं. त्याच वर्षी गुजरातेत काय झालं होतं ते तुम्हाला आठवत असेल. पुन्हा वणवा पेटायला एक ठिणगी पुरली असती. तेव्हा संस्थेचे प्रमुखस्वामी महाराज यांनी शांततेचं आवाहन केलं, सूडाचा एक शब्द काढला नाही, आणि वणवा पेटला नाही. आणखी एक गोष्ट त्या प्रकरणात आहे. त्यात दोषी ठरवलेल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयानं १६ मे २०१४ रोजी निर्दोष सोडलं. त्यातल्या काहींना आधी फाशीची शिक्षा झालेली होती. बारा वर्षांनी! तेव्हा घटना घडल्यावर तासाभरात ‘‘हे अमक्यांनीच केलं’’ असा संदेश ज्याच्या मोबाइलवर येईल, त्यानं तो पुढं ढकलायचा नाही. आपल्या दिंडीचा जो गट आहे त्यात तर मुळीच नाही. त्यात फक्त विणेकरी आणि व्यवस्थापक यांनी लिहायचं, कोण सापडलं, कोण कुठल्या दवाखान्यात आहे, एवढंच.

हजेरीचंही त्याच्याशीच जोडलेलं आहे. मुक्कामाला रोज नावं वाचायची, ती वही ट्रकात नाही, माणसाच्या खांद्यावरच्या पिशवीत पाहिजे. घरच्या माणसाचा फोन क्रमांक नावापुढं लिहिलेला पाहिजे. पांगापांग झाली तर कुठं जमायचं ते ठिकाण रोज संध्याकाळी हरिपाठानंतर सांगायचं, ‘‘आजचं ठिकाण, मारुतीच्या पारावर.’’ मुलांना पाठ होतं, मोठ्यांनाच विसरायला होतं.

मंडळानं या महिन्यात करायच्या कामांची वाटणी केली आहे. ठाण्यात पत्र द्यायचं काम पोलीस पाटील करतील, सप्ताहाच्या तारखा, अंदाजे गर्दी, दारं कुठं कुठं आहेत याचा हातानं काढलेला नकाशा त्याला जोडायचा. ग्राम सुरक्षा दलातल्या पोरांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या आहेत. आपल्या या देवळाच्या मागच्या दाराची दुसरी किल्ली करून ती विण्याच्या खुंटीशेजारी टांगायची असं ठरलंय. उद्या काकड्यानंतर ज्यांना सवड आहे त्यांनी थांबावं. ते दार आत उघडतं, ते बाहेर उघडेल असं बसवायचं आहे, गावातले सुतार बिजागऱ्या घेऊन येणार आहेत, आणि तोवर तिथली पोती हलवायला आठ-दहा जण लागतील.

राम कृष्ण हरी.